आकाशात सुकाणू अडले तर?

(न्यासाच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अमृतमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मोडतोडीचा विषय कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. हा विषय आपल्या विद्यार्थी-साहाय्य समितीने आमच्यापुढे ठेवला. आजवर न्यासाकडे मदतीचे अर्ज येत ते वैद्यक, स्थापत्य, वकिली अशा शिक्षणासाठी. यंदा विमानचालन शिकण्यासाठी अर्ज आले आणि समितीत प्रश्न निघाला की, ज्या विद्येत पहिली चूकच शेवटची ठरू शकते, तिच्यासाठी धर्मादाय पैसा द्यावा काय? एका मातेने तर आम्हांस सरळच विचारले, "इंजिन बंद पडले तरी विमान तरंगत खाली येते, असे ऐकून आहोत. पण हातातले चाकच फिरेनासे झाले, तर मुलाने काय करायचे?" प्रश्न मार्मिक आहे. आमची बरीच वर्षे लहान विमानांवर विद्यार्थ्यांना शिकविण्यात गेली. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देणे आमच्याकडे आले, हे योग्यच झाले.

आपणां हैदराबादकरांस विमान काही नवे नाही. २००८ च्या मार्चपर्यंत प्रवासी विमाने बेगमपेठेवरून उडत आणि भोवतालच्या वस्तीत गच्चीवर वाळवण घालणाऱ्या गृहिणींना त्यांची चाके दिसत. दुंडिगलच्या वायुसेना अकादमीची शिकाऊ विमाने आजही शहराच्या उत्तरेकडे घिरट्या घालतात. परंतु विमान वळते कसे, चढते कसे, हे बहुधा आपण कधी पाहिलेले नसते. ते समजले की भीतीचा निम्मा भाग उतरतो.

नमुन्यादाखल सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान घेऊ. १९५६ पासून ते विकले जात आहे, ४४,००० हून अधिक बनले आहे, आणि जगभर असंख्य वैमानिक त्याच्यावर शिकून तयार झाले आहेत. त्याच्या पंखांच्या मागील कडेस, टोकांच्या बाजूला, बिजागरीवर हलणाऱ्या दोन फळ्या असतात. त्यांना आयलरॉन म्हणतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते आणि विमान एका कुशीवर कलते. शेपटीकडे आडवी फळी असते ती एलेव्हेटर. तिने नाक वर-खाली होते. उभी फळी असते ती रडर. होडीच्या सुकाणूप्रमाणे ती नाक डावी-उजवीकडे वळविते. वैमानिकाच्या हातातील चाक आयलरॉन व एलेव्हेटर हलविते, पायांखालचे पट्टे रडर हलवितात. मधला सारा कारभार पोलादी तारांचा आणि कप्प्यांचा आहे. विहिरीच्या रहाटावरून दोर जातो, तशा या तारा विमानाच्या पोटातून शेपटीपर्यंत जातात. याशिवाय ट्रिम नावाचे एक लहान चाक असते. एलेव्हेटरच्या कडेस बसविलेली एक छोटी पट्टी ते फिरविते, म्हणजे वैमानिकास हातातील चाकावर सतत जोर द्यावा लागत नाही.

या रचनेत एक शहाणपण आहे. आयलरॉनच्या तारा वेगळ्या, एलेव्हेटरच्या वेगळ्या, रडरच्या वेगळ्या, ट्रिमच्याही वेगळ्या. एक तार तुटली, एक कप्पी अडली, तर सहसा बाकीच्या शाबूत राहतात. शिवाय इंजिनाचा जोर कमी-अधिक करणे, हे पाचवे साधन हाताशी असतेच. तेव्हा नियंत्रण बिघडले याचा अर्थ सारेच गेले असा होत नाही. काय गेले याचा शोक वैमानिकाने जमिनीवर आल्यावर करावा. वर असताना काय उरले याचा हिशेब करावा. आमच्या विद्येचे सार एवढेच आहे. आता ते व्यवहारात कसे उतरते ते सांगतो.

बिघाड विमान धावपट्टीवर असतानाच ध्यानात आला, तर थ्रॉटल मागे ओढून ब्रेक लावावा व थांबावे. जमीन सुटल्यावर मात्र गोष्ट निराळी. त्या क्षणी माणसाचा पहिला स्वभाव म्हणजे गर्रकन वळून जेथून उठलो तेथे परत जाणे. हाच स्वभाव घातक ठरतो. विमान खाली असते, वेग कमी असतो. अशा वेळी तीव्र वळण घेतले तर पंखांचा हवेवरील आधार सुटतो. याला वैमानिक स्टॉल म्हणतात. दोनशे-तीनशे फुटांवर असे झाले, तर सावरण्यास उंची उरत नाही. म्हणून विमान ज्या स्थितीत स्थिर आहे त्या स्थितीत, सरळ दिशेने, हळूहळू वर न्यावे. दोन-तीन हजार फूट उंची ही त्या वेळी बँकेतील ठेवीसारखी असते. चुकले तर सावरण्यास ती उपयोगी पडते.

इंजिन बंद पडणे आणि नियंत्रण बिघडणे यांत मोठा भेद आहे, तो येथेच सांगतो. इंजिन बंद पडले की वेळ संपत जातो. नियंत्रण बिघडले पण इंजिन चालू आहे आणि विमान स्थिर राहते आहे, तर वेळ आपल्या पक्षाला असतो. टाकीत इंधन आहे तोवर विचार करण्यास, प्रयोग करून पाहण्यास आणि मदत मागण्यास सवड असते. घाई करावी असे त्या वेळी काहीही नसते. फक्त घाई करावीशी वाटत असते.

वैमानिकांचा जगभर एक क्रम ठरलेला आहे. आधी विमान उडते ठेवा, मग कोठे जायचे ते ठरवा, मग बोला. बोलताना भीड मात्र धरू नये. 'मेडे' हा शब्द तीन वेळा उच्चारला की नियंत्रण मनोरा इतरांना बाजूला सारतो आणि अग्निशामक गाड्या धावपट्टीवर उभ्या करतो. 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हा शब्द आला आहे. यंत्रावर ७७०० हा आकडा लावला की रडारच्या पडद्यावर ते विमान संकटात असल्याचे दिसते. आम्ही मुलांना सांगत असू की, मदत मागितल्याने कोणाची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही.

आता एकेक बिघाड घेऊ. समजा, आयलरॉन चालेनासे झाले. मग पायांचे पट्टे आहेत. डावा पट्टा दाबला की नाक डावीकडे वळते, उजवा पंख किंचित पुढे सरतो, त्याला अधिक उचल मिळते आणि विमान आपोआप डाव्या कुशीवर कलते. हे सावकाश घडते, म्हणून पट्टा हलका दाबावा आणि परिणामाची वाट पाहावी. रडर चालेनासे झाले, तर उलट आयलरॉनने वळणे घ्यावी आणि आडवा वारा नसेल अशी धावपट्टी निवडावी.

एलेव्हेटर बिघडले तर प्रसंग अधिक नाजूक, पण तेथेही ट्रिम आहे आणि थ्रॉटल आहे. जोर वाढविला की विमान चढू लागते, कमी केला की उतरू लागते. वेग ट्रिमने सांभाळावा. येथे एक खाच आहे. तार तुटून एलेव्हेटर मोकळे झाले असेल, तर ट्रिमचे चाक नेहमीप्रमाणेच काम करते; छोटी पट्टी मोठ्या फळीला ढकलते. परंतु एलेव्हेटर जागच्या जागी घट्ट अडकले असेल, तर ती छोटी पट्टीच एक चिमुकले एलेव्हेटर बनते आणि परिणाम उलटा होतो. नाक वर करण्यासाठी चाक फिरवावे, तो नाक खाली जाते. ज्याला हे आधी ठाऊक नाही तो गोंधळून चाक आणखी त्याच दिशेने फिरवील. ज्याला ठाऊक आहे तो उंचीवर असताना अर्धा वळसा देऊन पाहील, विमान काय म्हणते ते ऐकेल आणि मग पुढचे ठरवील.

विजेवर चालणारे ट्रिम असेल तर कधी ते आपणहून धावू लागते. अशा वेळी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग कमी करावा आणि त्या यंत्राची वीज तोडावी. उतरताना पंखांमागून खाली सोडतात ते फ्लॅप. ते सोडताना विमान एका बाजूस ओढू लागले, तर लगेच पूर्वीच्या स्थितीत परत न्यावे आणि त्यांच्याशिवाय उतरावे. त्यास धावपट्टी अधिक लागते, इतकेच.

उतरण्याची तालीम उंचीवरच करावी. जमिनीपासून दूर असतानाच वेग थोडा थोडा कमी करीत जावे आणि विमान कोणत्या वेगाला आवाक्याबाहेर जाऊ पाहते ते टिपून ठेवावे. मग त्याहून अधिक वेगाने, लांब व रुंद धावपट्टीकडे, दुरून सरळ रेषेत यावे. जवळची आखूड धावपट्टी सोडून दूरच्या मोठ्या विमानतळावर जाणे, हेही अशा वेळी शहाणपणाचे असते.

हे सारे पुस्तकी वाटेल, म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमधील आल्व्हेर्का येथून एअर अस्ताना कंपनीचे एम्ब्रेअर १९० जातीचे विमान मोठ्या दुरुस्तीनंतर परतीच्या वाटेस लागले. आत तीन वैमानिक व तीन तंत्रज्ञ असे सहा जण होते, प्रवासी नव्हते. विमान मोठे होते, पण दोष सेस्नातही घडू शकेल असा साधा होता. दुरुस्तीत आयलरॉनच्या तारा उलट-सुलट जोडल्या गेल्या होत्या. उजवीकडे चाक फिरवावे तर विमान डावीकडे कलत होते आणि ते उड्डाणापूर्वी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. ढगांत शिरल्यावर विमान असे काही लोळू लागले की, वैमानिकांनी समुद्रात उतरविण्याचाही विचार केला. परंतु हळूहळू त्यांनी उरलेल्याचा हिशेब मांडला. नियंत्रणाच्या संगणकीय साहाय्याचा काही भाग बंद केल्यावर विमान काहीसे आवाक्यात आले. आयलरॉनचा वापर होता होईल तो कमी ठेवून त्यांनी ते पुन्हा स्थिर केले. पोर्तुगीज वायुसेनेची दोन एफ-१६ विमाने सोबतीस आली आणि बेझा येथील प्रशस्त विमानतळाकडे त्यांनी वाट दाखविली. दोन प्रयत्न फसले. ते सोडून देऊन वैमानिक पुन्हा वर गेले. तिसऱ्या खेपेस, ठरविलेल्या धावपट्टीवर न जमता तिच्या शेजारच्या धावपट्टीवर, विमान उतरले. जमीन सोडल्यापासून सुमारे दोन तास झाले होते. सहाही जण वाचले. दोन फसलेले प्रयत्न सोडून देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले नसते, तर ही हकीकत सांगण्यास आनंद वाटला नसता.

परंतु मित्रहो, या कथेत आकाशातल्या धैर्याइतकाच जमिनीवरचा दोषही पाहावयास हवा. नियंत्रणाचे पुष्कळसे बिघाड विमान उठण्यापूर्वीच त्याच्यात बसलेले असतात.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन येथील राइट फील्डवर बोइंग कंपनीचे नवे बॉम्बफेकी विमान, मॉडेल २९९, परीक्षेसाठी उडाले. वाऱ्याने फळ्या आपटू नयेत म्हणून विमान उभे असताना त्या अडकवून ठेवण्याची सोय असते. ते कुलूप काढावयाचे राहून गेले. विमान तीव्रपणे वर चढले, आधार सुटून कोसळले व पेटले. मेजर प्लॉयर हिल व बोइंगचे लेस्ली टॉवर यांचे प्राण गेले. दोघेही नवशिके नव्हते. अत्यंत अनुभवी होते. तेव्हा कौशल्याने भागत नाही, स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही, हे ओळखून उड्डाणापूर्वी वाचावयाची यादी तयार करण्यात आली. आज प्रत्येक वैमानिकाच्या मांडीवर असते ती यादी याच अपघाताची देणगी होय.

तरीही मनुष्यस्वभाव यादीला पुरून उरतो. ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे एक खासगी जेट विमान असेच कुलूपबंद नियंत्रणांनिशी धावले आणि धावपट्टीपलीकडे जाऊन पेटले. सातजण मृत्यू पावले. चौकशीत विमानातील नोंदी तपासल्या, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी केवळ २ वेळा नियंत्रणांची पूर्ण तपासणी केलेली आढळली. १७३ वेळा काही बिघडले नाही, म्हणून सवय लागली. सवयीने माणूस सुरक्षित राहतो असे आपण समजतो. वाईट सवय तितक्याच शांतपणे त्याला संकटाकडे नेत असते.

तिसरा प्रसंग दुरुस्तीचा. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथून उडालेले एकोणीस आसनांचे बीचक्राफ्ट १९०० जातीचे विमान मिनिटाच्या आत कोसळले व सर्व २१ जण गेले. दोन रात्रींपूर्वी एलेव्हेटरच्या तारेचा ताण जुळविताना काही पायऱ्या अनावश्यक समजून गाळल्या होत्या. त्यामुळे नाक खाली करण्याइतकी फळी पुरती हलेना. त्यानंतर विमानाने नऊ फेऱ्या सुखरूप केल्या. दहाव्या वेळी आसने भरलेली, सामान भरलेले, आणि भार शेपटीकडे अधिक. हिशेबात माणसाचे सरासरी वजन जुन्या अंदाजाने धरले होते, म्हणून कागदावर सारे ठीक दिसत होते. येथे वैमानिकांच्या हाती फारसे काही उरलेच नव्हते. २००५ साली कंपनीने मृतांच्या आप्तांची जाहीर क्षमा मागितली. उरलेल्याचा हिशेब करा असे आम्ही मघाशी म्हटले. पण कधी कधी उरतच नाही, हे लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून जमिनीवरची तपासणी ही पहिली विद्या होय.

ती तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. चाक धरून दोन्ही अंगठे वर करावे. चाक डावीकडे फिरविले की अंगठे डाव्या पंखाकडे झुकतात. त्या पंखावरची फळी वर उचललेली दिसली पाहिजे. उजवीकडे तसेच. चाक ओढले की मागची आडवी फळी वर, ढकलले की खाली. उजवा पट्टा दाबला की सुकाणूची कड उजवीकडे. फळ्या हलतात एवढे पाहून पुरत नाही. योग्य दिशेला हलतात की नाही हे पाहावयाचे असते. आल्व्हेर्काच्या तारा हलत होत्याच, फक्त उलट हलत होत्या. कुलपाची खीळ, तिला लाल फीत असते, ती काढून हातात घेऊन पाहावी. पायांपाशी पाण्याची बाटली, लेखणी, भ्रमणध्वनी असले काही घरंगळणारे ठेवू नये.

आणि वरची तालीम? तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. आम्ही विद्यार्थ्यास चांगल्या हवेत तीन हजार फुटांवर नेत असू आणि चाकावरून हात काढावयास सांगत असू. "आता केवळ पाय, ट्रिम आणि थ्रॉटल. त्या तळ्याला एक फेरी घाल." पहिली दहा मिनिटे मुलाच्या कपाळावर घाम येई. अर्ध्या तासाने तो फेरी पुरी करी आणि खाली उतरल्यावर त्याची चाल बदललेली दिसे. एक साधन गेले तरी आपण निराधार होत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

आता समितीच्या प्रश्नाकडे वळतो. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि प्रत्येक तासाला मोठा खर्च येतो. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाच्या मनात तो खर्च सतत टिकटिकत असतो. सकाळी तपासणी करताना चाक किंचित जड लागले, तर विमान परत करावे की आजचा तास भरून घ्यावा, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. हा प्रश्न तंत्राचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी पैसा असतो, वडिलांची चिंता असते, सोबतचे पुढे गेल्याची बोच असते. आणि आकाशातल्या घाईचे बीज पुष्कळदा येथेच पेरले जाते.

म्हणून आमची समितीला विनंती आहे की, मदत अवश्य द्यावी आणि ती देताना तारखेची सक्ती ठेवू नये. विमान नाकारल्यामुळे किंवा हवा वाईट म्हणून रद्द झालेले उड्डाण विद्यार्थ्याच्या प्रगतीत उणे धरू नये. उलट, "आज मी विमान नेले नाही, कारण असे असे होते," अशी नोंद असलेली वही ज्याच्यापाशी असेल, त्याला पुढील हप्ता आधी द्यावा. या विद्येतील धोका धर्मादाय पैशाने जाणार नाही. परंतु घाई कमी होईल, आणि घाई कमी झाली की धोका पुष्कळ कमी होतो.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलगा किंवा मुलगी ज्या शाळेत जाणार तेथे तीन गोष्टी विचारा. दुरुस्तीनंतर नियंत्रणांची दिशा दुसरा माणूस स्वतंत्रपणे तपासतो काय? एखादे साधन बंद धरून उडण्याची तालीम शिक्षकाबरोबर देतात काय? आणि विद्यार्थ्याने विमान नाकारले तर त्याला बोल लावतात, की त्याची पाठ थोपटतात? या तिहींची उत्तरे समाधानकारक असली, तर निश्चिंत मनाने पाठवा. आणि घरी फोन आला की "किती तास झाले?" असे दरवेळी विचारू नका. "आज काय तपासलेस?" असे विचारा.

ज्या मातेने आम्हांस तो प्रश्न केला, तिला उत्तर द्यावयाचे तर ते असे: बाई, चाक फिरेनासे झाले तर तुमचा मुलगा प्रथम काहीच घाईने करणार नाही. विमान स्थिर ठेवील, उंची घेईल, काय चालते ते एकेक करून पाहील, मदत मागेल, लांब धावपट्टी शोधील, आणि जमले नाही तर पुन्हा वर जाईल. हे त्याला शिकविता येते. आणि त्या दिवशी सकाळी त्याने अंगठे वर करून फळ्या पाहिल्या असतील, तर बहुधा हा प्रसंगच त्याच्यावर येणार नाही.

 न्यासाच्या पुढील कार्यास आणि यंदाच्या अर्जदार मुला-मुलींस आमचे मनःपूर्वक आशीर्वाद.